आडोशाच्या फायली

नव्या एसएसडीची रुंदी 22 मिलिमीटर, लांबी 80 मिलिमीटर. मदरबोर्डवरच्या खाचेत ती तिरपी सरकवायची, वर राहिलेलं टोक हलक्या हाताने खाली दाबायचं आणि एक बारीक स्क्रू पिळायचा. केबल नाही, फिरणारं काही नाही, आवाज नाही. 1956 साली आयबीएमने रॅमॅक या संगणकाबरोबर पहिली हार्ड डिस्क आणली, तेव्हा तिच्यात 24 इंच व्यासाच्या 50 तबकड्या एका दांड्यावर फिरत होत्या. वजन एक टनाहून जास्त, आणि एवढ्या सगळ्या धुडात मावायची सुमारे 50 लाख अक्षरं. सांगलीतल्या दुकानातून मुलाने आणलेल्या या पट्टीत एक टेराबाइट मावतो, म्हणजे तशी दोन लाख धुडं. हा हिशेब मनात केला आणि ती पट्टी मी थोडा वेळ हातातच धरून बसले. सत्तर वर्षांत माणसांनी केवढी मजल मारली, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

एक टेराबाइटचा हा ड्राइव्ह विंडोज मात्र 931 जीबीचा दाखवतं. यात कुणी फसवलेलं नसतं. ड्राइव्ह बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज 1024 च्या पटीत, आणि त्या दोन मापांतला फरक एवढ्या मोठ्या आकड्यावर ठळक होतो.

ड्राइव्ह घरात आला तो गेमसाठी. "आई, लोड होईपर्यंत खेळायचा मूडच जातो," असं मुलगा कित्येक महिने म्हणत होता आणि त्याचं म्हणणं खरं होतं. जुनी डिस्क मिनिटाला 7200 फेरे घेते. तिच्या तबकडीवर काही नॅनोमीटर अंतर राखून एक हेड तरंगत असतं, आणि माहितीचा प्रत्येक तुकडा वाचायला त्या हेडला जागा बदलावी लागते, मग तबकडी फिरून योग्य जागी येण्याची वाट पाहावी लागते. एका वेळेला सेकंदाचा शंभरावा भाग जातो. ऐकायला तो किरकोळ वाटतो, पण गेममधलं एक गाव उभं राहायला असे हजारो तुकडे वेगवेगळ्या कोपऱ्यांतून गोळा करावे लागतात. एसएसडीत हेडच नाही. तुकड्याचा पत्ता सांगितला की तो हजर. म्हणून अलीकडचे काही गेम हार्ड डिस्क चालवूनच घेत नाहीत. स्टारफील्डसारख्या गेमच्या गरजांच्या यादीत एसएसडी सक्तीची म्हणून लिहिलेली असते.

क्लोन मारायचा की नवं विंडोज टाकायचं, यावर आमच्या घरात बरीच चर्चा झाली. क्लोन म्हणजे जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत. लपलेल्या फोल्डरांसकट, जुन्या कचऱ्यासकट सगळं पलीकडे येतं, काही मागे राहत नाही. ज्याला बसून बघायला वेळ नाही त्याने क्लोनच करावा, असं मी कुणालाही सांगेन. आम्हाला मात्र वेळ होता, आणि त्या डिस्कवर बारा-पंधरा वर्षांचं घर साठलेलं होतं. नव्या ड्राइव्हवर कोरं विंडोज टाकायचं, जुनी डिस्क कॅबिनेटमध्ये तशीच जोडून ठेवायची आणि एकेक गोष्ट हाताने न्यायची, असं ठरलं. एक नियम मुलानेच घातला. कट-पेस्ट करायचं नाही, फक्त कॉपी. एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर कट-पेस्ट करताना यंत्र आधी प्रत काढतं आणि मग मूळ पुसतं. मधे काही अडकलं तर कुठलं कुठे राहिलं, ते शोधत बसावं लागतं.

गेम नेणं सगळ्यांत सोपं निघालं, कॉपीचा नियमही तिथे नको होता. ज्या स्टीमवरून गेम विकत घेतो, त्यात स्टोरेजच्या पानावर जायचं, नव्या ड्राइव्हवर लायब्ररी तयार करायची, गेमवर खूण करायची आणि 'मूव्ह' दाबायचं. रेड डेड रिडेम्पशन 2 साठी 150 जीबी जागा लागते. जुन्या डिस्कवरून सेकंदाला 120 एमबीच्या आसपास वाचलं गेलं, तर एवढा मोठा गेम वीस-पंचवीस मिनिटांत पलीकडे जातो. नाही गेला, मधेच वीज गेली, तरी काही बिघडत नाही. तो विकत घेतल्याची नोंद खात्यावर आहे. 100 एमबीपीएसच्या फायबरवर साडेतीन तासांत तो पुन्हा उतरतो, बाइट न् बाइट तसाच. जगातल्या कितीतरी ड्राइव्हवर हाच गेम हुबेहूब असाच बसलेला आहे.

तिथे मला एक गोष्ट पहिल्यांदा दिसली आणि मग सगळ्या कामात दिसतच राहिली. डिस्कवर जे सर्वांत जास्त जागा अडवतं, ते सर्वांत सहज परत मिळतं. जे पुन्हा मिळणार नाही ते अगदी थोडक्या जागेत असतं, आणि 'माय डॉक्युमेंट्स' म्हणून ज्या कपाटावर आपलं नाव लिहिलेलं असतं, त्यात बहुतेक वेळा ते नसतंच.

मुलाचा जीव रेड डेडमध्ये नव्हता, स्टारड्यू व्हॅलीमध्ये होता. 2016 साली आलेला हा गेम एरिक बॅरोन या एकाच माणसाने बनवला. चित्रं त्याची, संगीत त्याचं, प्रोग्रॅम त्याचा. त्याला 500 एमबी जागा पुरते. शहरात नोकरी करणाऱ्या नायकाजवळ आजोबांनी शेवटच्या दिवसांत दिलेलं एक पत्र असतं. कंटाळून तो ते उघडतो आणि आजोबांच्या पडीक शेतावर राहायला जातो. 28 दिवसांचा एक ऋतू, चार ऋतूंचं एक वर्ष. तण काढायचं, पेरायचं, पाणी द्यायचं, गावातल्या माणसांची ओळख करून घ्यायची. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला आजोबा एका रात्री येतात आणि नातवाने शेताचं काय केलं ते पाहून जातात.

माझे वडील, आमचे अण्णा, तासगाव तालुक्यातल्या सावळजचे. नोकरी शाळेतली, पण बोलणं कायम द्राक्षबागेचं. संध्याकाळी ते नातवाशेजारी खुर्ची ओढून बसायचे आणि पडद्यावरची शेती बघायचे. गेममध्ये द्राक्षाचा वेल मांडवावर चढतो, शरद ऋतूत लागतो आणि काही दिवसांनी घड देऊ लागतो.

"छाटणी कधी करणार?" अण्णा विचारायचे.

"अण्णा, यात छाटणी नसते."

"एप्रिलला खरड नाही, ऑक्टोबरला फळछाटणी नाही, मग घड येतील कुठनं?"

घड आले की ते खूश व्हायचे, आणि तरीही हे बरोबर नाही म्हणायचे. शेताला नाव द्यायची वेळ आली तेव्हा मुलाने त्यांनाच विचारलं होतं. ते नाव सावळज. 2022 मध्ये अण्णा गेले. मुलाने नंतर दुसरी शेतं केली, पण सावळजवर तो पुढे खेळला नाही.

ते शेत डिस्कवर कुठे होतं? गेमच्या फोल्डरमध्ये नव्हतं. हा गेम त्याने जीओजी या गेमच्या ऑनलाइन दुकानातून इन्स्टॉलर उतरवून घेतलेला, क्लाउडचा संबंध नव्हता. स्टारड्यू व्हॅलीची सेव्ह ॲपडेटा नावाच्या फोल्डरमध्ये, रोमिंगच्या आत असते, आणि ॲपडेटा विंडोज मुळातच लपवून ठेवतं. 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'हिडन आयटम्स'वर खूण केल्याशिवाय तो दिसत नाही. रेड डेडची सेव्ह डॉक्युमेंट्समध्ये रॉकस्टार गेम्सच्या फोल्डरात असते. आणखी कुणाची 'सेव्ह्ड गेम्स'मध्ये, कुणाची गेमच्या स्वतःच्या फोल्डरातच. ठरलेली एक जागा नाही. स्टीम पुष्कळ गेमच्या सेव्ह आपल्या सर्व्हरवरही ठेवतं, पण सगळ्यांच्या नाही. आणि इथली प्रत वेगळी, तिथली वेगळी असं झालं तर ते विचारतं की यातली कोणती राखू. त्या क्षणी घाईने बटण दाबलं तर महिन्यांचा खेळ जातो.

फोल्डर सापडला. खेळाडूचं नाव, पुढे एक खालची रेघ, पुढे एक मोठा आकडा, असं त्याचं नाव. आतली फाइल काही मेगाबाइटांची. मुलाने ती नोटपॅडमध्ये उघडली, कारण ती साध्या मजकुराची असते. कंसांमागून कंस. कुठल्या चौकोनात काय पेरलं, कोंबडीचं नाव काय, किती पैसे शिल्लक. त्यात शेताच्या नावापुढे रोमन अक्षरांत सावळज. पहिल्या वर्षाचे मांडव अजून उभे होते. त्याने ती फाइल नव्या ड्राइव्हवर नेली, एका पेन ड्राइव्हवर ठेवली, मला ईमेलही केली. दीडशे जीबीच्या गेमसाठी त्याने एवढं काही केलं नव्हतं, आणि तेच योग्य होतं.

माझ्या वयाच्या माणसांना सेव्ह म्हटलं की प्रिन्स ऑफ पर्शिया आठवतो. नव्वदच्या दशकात सांगलीत कॉम्प्युटरच्या क्लासला जाणाऱ्या आम्हा मुलींना डॉस शिकवायचे आणि उरलेल्या वेळात तो खेळू द्यायचे. साठ मिनिटांत राजकन्येला सोडवायचं. अर्ध्यावर थांबून सेव्ह केलं की मोजक्या बाइटांची एक फाइल बनायची, तिच्यात फक्त कितवी पायरी, किती वेळ उरला आणि किती जीव हे असायचं. तेवढ्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच तळघरात उभं राहता येई.

त्या गेमची गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. जॉर्डन मेकनर याने तो ॲपल टू या यंत्रासाठी लिहिला आणि 1989 मध्ये ब्रॉडरबंडने तो बाजारात आणला. धाकट्या भावाला धावायला, उड्या मारायला लावून त्याने व्हिडिओ काढले होते आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली एकेक चित्र करून उतरवल्या होत्या. गेमच्या प्रती जगभर पसरल्या, आमच्या सांगलीच्या क्लासपर्यंत आल्या. पण ज्या मूळ प्रोग्रॅममधून तो घडला तो लेखकाच्या हाताशी राहिला नव्हता. 2012 मध्ये त्याच्या वडिलांनी घर आवरताना जुन्या सामानाचा एक खोका त्याला पाठवला. त्यात साडेतीन इंची फ्लॉप्या निघाल्या. इंटरनेट आर्काइव्हचे जेसन स्कॉट आणि जुन्या ॲपल यंत्रांचे जाणकार टोनी डियाझ यांनी त्या वाचायला मदत केली, कारण नुसती फ्लॉपी असून चालत नाही, ती ज्या यंत्राची बोली बोलते ते यंत्र चालू स्थितीत लागतं. वीस वर्षांहून जुन्या त्या फ्लॉप्या वाचल्या गेल्या आणि मेकनरने तो सगळा प्रोग्रॅम लोकांसाठी खुला केला. खेळलेला गेम लाखो ठिकाणी होता. घडवलेला गेम एका खोक्यात होता.

फोटो न्यायला मात्र फार वेळ लागला. एक 20 जीबीची फाइल भराभर जाते. तेवढ्याच वजनाचे हजारो फोटो, त्यांच्यात मिसळलेल्या व्हॉट्सॲपच्या शुभेच्छा, कुणी कुणी दिलेल्या पत्रिका, हे सगळं रांगत जातं. प्रत्येक फाइलसाठी नवी नोंद करायची, ती उघडायची, लिहायची, बंद करायची, अँटिव्हायरसला दाखवायची. फाइल दोन केबीची असो की दोन जीबीची, हा वरखर्च जवळपास तेवढाच. खिडकीतली वेळ सारखी बदलत राहते, चार मिनिटं म्हणते, मग एक तास म्हणते. मला त्याचा त्रास झाला नाही. फोल्डरांची नावं वाचायला वेळ मिळाला. 'न्यू फोल्डर' तर होतेच, पण 'ताईचं लग्न फायनल', 'अण्णा हॉस्पिटल', 'सातबारा स्कॅन' अशीही होती.

तारखांचं एक लक्षात ठेवायला हवं. विंडोजमध्ये फाइल कॉपी केली की ती तयार झाल्याची तारीख आजची होते, शेवटचा बदल केल्याची तारीख मात्र जुनीच राहते. त्यामुळे नव्या ड्राइव्हवर आमच्या घरातल्या सगळ्या फायली एकाच दिवशी जन्मल्या, आणि जन्माच्या कित्येक वर्षं आधी त्यांच्यात शेवटचा फेरफार झालेला होता. कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोची खरी तारीख फोटोच्या पोटातच लिहिलेली असते, ती टिकते. स्कॅन केलेल्या जुन्या फोटोंना असा आधार नसतो. त्यांच्या नावातच साल लिहून टाकावं. माझ्या आईने सांगितलं तशी मी बऱ्याच फोटोंवर सालं घातली.

आणि मग अण्णांची फाइल आली.

निवृत्त झाल्यावर अण्णांनी शाळेच्या आठवणी लिहिल्या होत्या. सावळजची शाळा, मग मिरज तालुक्यातली, शेवटी कऱ्हाडजवळची. वहीत लिहिलेलं त्यांनी 2004 मध्ये सांगलीच्या गणपती पेठेतल्या एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलं, सीडी आणली, नंतर घरच्या संगणकावर स्वतः दुरुस्त्या करत बसले. पुस्तक काही निघालं नाही. नव्या ड्राइव्हवर मी ती फाइल उघडली तेव्हा पडद्यावर इंग्रजी अक्षरं, त्यांच्या डोक्यावर फ्रेंच-जर्मन चिन्हं, मधेच चौकोन आणि टिंबं. ओळीच्या ओळी, पानंच्या पानं. आकार बरोबर, तारीख बरोबर, एकही बाइट इकडचा तिकडे झालेला नाही, आणि वाचता येईल असा एक शब्द नाही.

यामागचं कारण मराठी घराघरांत माहीत असायला हवं, म्हणून सविस्तर सांगते. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना आकडे ठरवून देणारी सामाईक यादी. तिच्यात देवनागरीला 128 जागा 1991 सालीच मिळाल्या होत्या, विंडोज 2000 बरोबर मंगल हा फॉन्टही आला होता. पण छपाईच्या धंद्यात त्यानंतरही कितीतरी वर्षं श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशी पॅकेजं चालत राहिली, कारण पानं लावायच्या पेजमेकर या प्रोग्रॅमला युनिकोडची मराठी जमत नव्हती आणि मराठीची पुष्कळ पानं पेजमेकरमध्येच लागत होती. या पॅकेजांच्या जुन्या फायलींत मराठी अक्षर साठवलेलंच नसतं. साठवलेली असते रोमन अक्षराची जागा. त्या जागेवर मराठी वळण काढून दाखवण्याचं काम फॉन्ट करतो. फॉन्ट आहे तोवर मराठी. फॉन्ट गेला की खाली असलेली रोमन अक्षरं उघडी पडतात. शिवाय प्रत्येक कंपनीने जागा आपापल्या ठरवलेल्या. एकीचा 'क' दुसरीच्या फॉन्टमध्ये भलतंच काहीतरी. काही पॅकेजांना तर संगणकाच्या मागे लावायचं डोंगलचं कुलूपही असे.

महाराष्ट्रातल्या लहानमोठ्या छापखान्यांतून त्या काळात निघालेले दिवाळी अंक, गावांचे इतिहास, कुलवृत्तांत, शाळांच्या अमृतमहोत्सवी स्मरणिका, संस्थांचे अहवाल, कविसंमेलनांच्या पुस्तिका, हे बरंचसं अशाच फायलींत आहे. ज्यांच्या पीडीएफ झाल्या त्या निदान डोळ्यांना वाचता येतात, कारण पीडीएफमध्ये फॉन्ट आत बांधलेला असतो. पण त्यातला मजकूर कॉपी करून पाहा, तेच रोमन जंजाळ हाती येतं. 'सावळज' असं टाइप करून शोधलं तर यंत्राला तिथे सावळज सापडत नाही. त्याच्या लेखी तो मराठी मजकूरच नाही. अडीचशे वर्षांपूर्वीचा मोडी कागद वाचणारी माणसं आज आहेत, त्यांचे वर्गही चालतात. वीस वर्षांपूर्वीची ही डिजिटल मराठी वाचायला फॉन्ट लागतो, आणि तो फारसा कुणी जपून ठेवलेला नाही. मला हे फार लागतं.

आमचा फॉन्ट जुन्या डिस्कवर सापडला. अण्णांच्या फोल्डरात नव्हता. सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात फॉन्ट्स, तिथे इतर शेकडो फॉन्टांच्या गर्दीत काही केबीचा तो बसला होता. डॉक्युमेंट्स, फोटो, व्हिडिओ, गाणी असं सगळं व्यवस्थित नेऊन कुणी जुन्या डिस्कला फॉरमॅट मारला असता, तर नेमका तोच राहिला असता. मुलाने तो नव्या विंडोजमध्ये टाकला. फाइल बंद करून पुन्हा उघडली. 'शाळेच्या आठवणी', खाली अण्णांचं नाव, खाली पहिलं प्रकरण.

पण फॉन्टवर किती दिवस विसंबणार? मजकूर युनिकोडमध्ये आणायचा ठरवलं. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात. फाइलमधला मजकूर एका बाजूला चिकटवायचा, दुसरीकडून युनिकोड उचलायचं. बरंचसं नीट येतं, अडतं ते ठरावीक जागी. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर येते. रफाराचं उलट. 'वर्ष' लिहिताना जुन्या पद्धतीत रफार 'ष' नंतर ठोकायचा, युनिकोडमध्ये 'र' आधी येतो. म्हणून कन्व्हर्टरला नुसती अक्षरं बदलून चालत नाही, त्यांची जागाही उलटीसुलटी करावी लागते, आणि जोडाक्षर लांबलं की तो चुकतो. सगळ्यांत वाईट अवस्था 'ऱ्ह' आणि 'ऱ्य' यांची. कऱ्हाडचं 'क-हाड' झालं होतं, दुसऱ्याचं 'दुस-या'. हे रूप जुन्या मराठी संकेतस्थळांवर आजही जागोजागी दिसतं, ते याच प्रवासात मोडलेलं आहे.

साधे शब्द मला दुरुस्त करता येत होते. नावं येत नव्हती. विद्यार्थ्यांची, शिपायांची, सावळजच्या वाड्या-वस्त्यांची. अशा नावांना संदर्भाचा आधार नसतो, शब्दकोशात ती नसतात. मग मी प्रिंट काढून आईला घेऊन बसले. चष्मा पुसत ती एकेक नाव सांगायची. हा सूर्यवंशी, आपल्याकडे जेवायला असायचा. हे कुऱ्हाडे मास्तर, यांची बदली आपल्यामुळे थांबली. ही मुलगी पुढे नर्स झाली, मिरजेला भेटली होती मला. मजकुरात नसलेलं कितीतरी ती सांगत गेली, ते मी समासात लिहून ठेवलं. आई नसती तर कन्व्हर्टरने मोडलेली ती नावं मोडकीच राहिली असती, कारण ती बरोबर कशी असतात हे सांगायला घरात दुसरं कुणीच नव्हतं.

जुनी डिस्क आम्ही टाकलेली नाही आणि पुसलेलीही नाही. याला भावनेपलीकडचं कारण आहे. एसएसडीत माहिती म्हणजे अतिसूक्ष्म कप्प्यांत अडकवून ठेवलेला विद्युतभार. तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी 1987 मध्ये मांडलेल्या नँड फ्लॅशचीच ही वाढ. हल्लीच्या पुष्कळ ड्राइव्हमध्ये एका कप्प्यात भाराच्या आठ पातळ्या ओळखून तीन बिट बसवतात. हा भार फार हळूहळू गळतो. घरगुती एसएसडीसाठी ठरलेल्या मानकाप्रमाणे, लिहून लिहून आयुष्य संपत आलेल्या ड्राइव्हने वीज न देता 30 अंश तापमानात एक वर्ष माहिती राखली तरी तो उत्तीर्ण. नवा ड्राइव्ह याहून पुष्कळ जास्त टिकतो. तरी कपाटात ठेवून विसरून जाण्याची ती वस्तू नाही. शिवाय जुन्या डिस्कवर चुकून पुसलेली फाइल अनेकदा परत काढता येते, कारण तिथे फक्त नोंद खोडली जाते, मजकूर त्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तसाच असतो. एसएसडीत ट्रिमची आज्ञा गेली की ड्राइव्ह ती जागा खरोखर मोकळी करतो. मग परतीची आशा धरू नये.

आणि आम्ही सांगलीचे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी तिच्या खूप वर गेलं, 2021 मध्ये पुन्हा आलं. संगणकाचं कॅबिनेट बहुतेक घरांत टेबलाखाली, जमिनीवर असतं. माणसांनी पोरंबाळं, गुरं, कागदपत्रं बाहेर काढली, आणि ते डबे तिथेच राहिले. पुरानंतर कितीतरी दुकानांतून आणि घरांतून चिखलाने भरलेले सीपीयू रस्त्यावर मांडलेले मी पाहिले आहेत. म्हणून अण्णांच्या आठवणी आणि मुलाचं सावळज यांची एक प्रत आता पुण्याला माझ्या बहिणीकडे असते. दोन्ही मिळून लहानशा पेन ड्राइव्हचा एक कोपराही भरत नाही.

तुमच्याकडे नवा ड्राइव्ह येणार असेल, तर गेमची काळजी करू नका. जुन्या डिस्कला फॉरमॅट मारण्याआधी हिडन आयटम्स उघडून मुलांच्या सेव्ह शोधा, विंडोजमधला फॉन्ट्सचा अख्खा फोल्डर कॉपी करून घ्या, आणि वडीलधाऱ्यांनी टाइप करून घेतलेली जी मराठी फाइल उघडत नाही ती टाकून देऊ नका. ती युनिकोडमध्ये आणा. नावं बरोबर आहेत की नाही हे सांगू शकणारं माणूस घरात आहे तोवर, त्याला शेजारी बसवून आणा.